ड्रमच्या पोटातलं ब्लँकेट

काकूंनी तिसऱ्यांदा मोजलं आणि तिसऱ्यांदाही एकोणचाळीसच भरली.

ब्लँकेटं म्हणाल तर बघत राहावीत अशी. काकूंच्या धुलाईच्या दुकानातून साधा हातरुमाल बाहेर पडला तरी त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके असायचे, आणि त्या टाक्यांचा काकूंना भारी अभिमान. ही एकोणचाळीस त्यांनी स्वतः धुतली, वाळवली, टाके घातले आणि अशी घडी केली, की वरून पेला ठेवला असता तर पाणी हललं नसतं. पण चाळिसावं नव्हतं ते नव्हतंच.

दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून बेघर माणसांचा निवारा होता. चाळीस खाटा आणि थंडी तोंडावर आलेली. त्यांच्या ब्लँकेटांसाठी गल्लीच्या टोकाच्या सभागृहात आज संध्याकाळी सहाला गाण्यांचा कार्यक्रम होता. वाजवणारे तिघे: ड्रमवर काकूंचे यजमान, म्हणजे काका, ज्यांनी तीस वर्षं बस चालवली, अकॉर्डियनवर बेकरीवाला, आणि गायला दातांचा डॉक्टर, जो गाणी स्वतःच रचायचा आणि स्वतःच विसरायचा. तिकीट नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं, 'एका घराने एक ब्लँकेट द्यावे आणि यावे.'

हे चाळीसचं काकूंनीच ठरवलं होतं. नणंदेनं तेव्हा ओठ मुडपले होते. "चाळीस? वीस झाली तरी खूप झालं हो, वहिनी."

"वन्सं," काकू सगळ्यांच्या देखत म्हणाल्या होत्या, "चाळीसला एक जरी कमी भरलं, तर पुढच्या वर्षीपासून सगळा कारभार तुमचा. मी आपली खुर्चीत बसून टाळ्या वाजवीन."

आता सांगा, काकूंनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या आणि वन्संनी दारात उभं राहून 'या, बसा' करायचं? त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं परवडलं. घरातली चार ब्लँकेटं तर आधीच त्या चळतीत होती. शेजारणीकडे मागावं, तर एक कमी पडलं हे गल्लीला कळणार, आणि गल्लीला कळलं म्हणजे वन्संना कळलंच.

दारात हातगाडी येऊन थांबली. निवाऱ्याचे व्यवस्थापक, कायम घाईतला माणूस, उंबऱ्यातूनच म्हणाले, "झाली का चाळीस, काकू?"

"झाली म्हणजे? तुम्हांला शंका आहे?" काकू म्हणाल्या आणि नजर चारी कोपऱ्यांत फिरवली. इस्त्रीच्या टेबलापलीकडे काकांचा मोठा ड्रम उभा होता. तालमी इथेच व्हायच्या. सामान न्यायला टेम्पो अजून अर्ध्या तासाने यायचा होता. ड्रमच्या पुढच्या कातड्याला डोकं जाईल एवढं भोक होतं, आणि त्या भोकातून एक करडा कोपरा काकूंकडे बघत होता.

काकूंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि खेचलं. चांगलं जाडजूड ब्लँकेट निघालं, सुतळीनं बांधलेलं, गुंडाळी केलेलं. "बघा या माणसाला!" काकू पुटपुटल्या. "तिकडे माणसं कुडकुडतायत आणि ह्यांचं लाकूड पांघरूण घेऊन झोपलंय." धुवायला वेळ नव्हता, टाके घालायला नव्हता, गुंडाळी सोडायलाही नव्हता. ती त्यांनी चळतीच्या मधोमध खुपसली आणि म्हणाल्या, "घ्या. चाळीस. मोजून घ्या."

"तुमचा शब्द आहे ना, मग मोजायचं काय," व्यवस्थापक म्हणाले. काकूंना ते आवडलं, आणि थोडं टोचलंही.

पावणेसहाला सभागृह गच्च भरलं होतं. काका मंचावर गुडघे टेकून खांद्यापर्यंत ड्रममध्ये गेले होते. बराच वेळ चाचपून त्यांनी हात बाहेर काढला, तेव्हा चेहरा ब्रेक न लागलेल्या बससारखा झाला होता.

"अगं, ह्याच्या पोटात ब्लँकेट होतं."

"मग? ड्रमला हुडहुडी भरलीय का?"

"त्यानं आवाज दबतो गं! नाहीतर असं होतं," असं म्हणून काकांनी पायाने वाजवायचा दांडा एकदाच दाबला. खिडक्यांच्या काचा हलल्या, तिसऱ्या रांगेतलं तान्हं मूल रडायला लागलं आणि दारातल्या वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. वन्संचं बसणं सोडलं तर काकूंनाही त्यात काही चांगलं दिसलं नाही.

"बरं, हळू वाजवा."

"वाजवीन हळू. पण त्या गुंडाळीत गाण्यांचे कागद होते."

दाताचा डॉक्टर अकॉर्डियनमागून उगवला. "कागद कुठं होते म्हणालात?"

"सगळ्यांत सुरक्षित जागी! तीस वर्षं बस चालवली, डॉक्टर. माणसं हातातलं सामान विसरतात, बाकावरचं विसरतात. ड्रमच्या पोटात कोण हात घालणार?"

काकू गप्प बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना गप्प बसलेलं दोनदाच पाहिलं होतं, त्यामुळे हे तिसऱ्यांदा बघून ते घाबरले. "अगं... तू?"

"मी आलेच," काकू म्हणाल्या.

"मला एक ओळ आठवत नाहीये," डॉक्टर म्हणाला. हा माणूस दिवसभर लोकांना 'मोठ्ठं तोंड उघडा' म्हणायचा, आणि आता त्याचंच उघडलेलं मिटत नव्हतं.

काकू जवळजवळ पळतच निवाऱ्यात पोहोचल्या, तर ब्लँकेटं वाटून झालेली. चाळीस खाटांवर चाळीस माणसं, जो तो आपापल्या घडीवर हात फिरवत बसलेला. आणि काकूंच्या पायाखालची फरशीच सरकली. दिलेली वस्तू परत मागायची? त्यांच्या माहेरी, सासरी, सात पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं.

"काय विसरलात, काकू?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"विसरायला मी काय गायक आहे? लाल दोरा तपासायला आलेय. टाके सैल राहिले तर दुकानाचं नाव जाईल."

मग त्या एकेका खाटेपाशी थांबत निघाल्या. कोपरा उचलायचा, 'छान, छान' म्हणायचं, पुढे जायचं. एका म्हाताऱ्यानं कौतुकानं पूर्ण घडी उलगडून दाखवली आणि परत तशी घालता येईना म्हणून काकूंनाच घालून द्यावी लागली. ते पाहून पुढच्या चौघांनीही उलगडली. तिकडे सहा वाजून गेले.

सत्ताविसाव्या खाटेवर हिरवी लोकरी टोपी घातलेली एक बाई बसली होती. वय काकूंएवढंच, आणि हनुवटीही काकूंसारखीच पुढे. करडं ब्लँकेट खांद्यांवर.

"माझ्याला लाल दोरा नाही," ती आपणहून म्हणाली. "ग्रीसचा वास तेवढा आहे."

"मग ते चुकून आलंय. द्या, उद्या धुऊन आणते."

"थंडी आज आहे."

"अहो बाई, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"दिलेलं परत मागताय होय?"

काकूंचे कान तापले. "मागत कोण आहे? तपासतेय!"

"तपासा की मग. अंगावरच राहू दे, वरून तपासा."

चाळीस वर्षांत काकूंना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. राग यायला हवा होता. आला तो थोडा आदरच. त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, ब्लँकेट राहू दे. त्यात काही कागद होते का?"

"होते ना! देवासारखे सापडले." टोपीवालीनं खिडकीकडे बोट दाखवलं. "त्या फटीतून वारा सुरीसारखा यायचा. कागद पाण्यात भिजवले, चांगला लगदा केला आणि भरला गच्च. हात लावून बघा, झुळूकसुद्धा येत नाही."

काकूंनी हात लावून बघितला. काम चोख होतं. दाताच्या डॉक्टरची बाराही गाणी त्या फटीत वाळत होती.

काकू खाटेच्या कडेला बसल्या आणि जे वन्संपुढे मरेपर्यंत बोलल्या नसत्या ते बोलून गेल्या. "एक कमी पडलं, म्हणून मी ड्रमच्या पोटातलं काढून दिलं. माझ्या मिजाशीपायी. आता तिथं सगळी गल्ली बसलीय आणि गाणारा कागदाशिवाय मुका आहे."

"गाणारा कोण? तो 'दार लोटलेलं ठेव, दिवा मालवू नको'वाला?"

"तुम्हांला कसं माहीत?"

टोपीवालीनं मागच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं. "हिच्यापलीकडे तुमचं दुकान ना? तीन महिने झाले, दर मंगळवारी, दर शुक्रवारी. झोपेतून उठवून विचारा, बाराही गाणी, जेवढी ऐकू आली तेवढी, म्हणून दाखवते. मी कशाला, इथला कुणीही म्हणेल." मग ती डोळे बारीक करून पुढे झुकली. "थांबा, थांबा. हा आवाज... तुम्ही म्हणजे त्या वाघवाल्या!"

शेजारच्या चार खाटा खुदखुदल्या.

तिसऱ्या गाण्यात एक जागा होती. तिथे डॉक्टर हमखास पुढे पळायचा, काका ड्रम घेऊन त्याच्या मागे आणि बेकरीवाला दोघांच्या मागे. मग काकू इस्त्री आपटून ओरडायच्या, "थांबा! मागं वाघ लागलाय का? पुन्हा पहिल्यापासून!" दर तालमीला, दर वेळी. भिंतीपलीकडे कुणी ऐकत असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"एवढी गाणी पाठ आहेत, मग आज कार्यक्रमाला का नाही आलात?" काकूंनी विषय बदलला.

"पाटी वाचली ना. एका घराने एक ब्लँकेट." टोपीवाली शांतपणे म्हणाली. "घर असतं तर इथं कशाला असतो? आणि ब्लँकेट तर तुम्ही आत्ता दिलंत."

 ती पाटी काकूंनीच सांगितली होती आणि वन्संनी लिहिली होती. हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि इस्त्री आपटताना लागायचा तो आवाज लावला. "उठा बघू सगळे! ब्लँकेट आहे ना प्रत्येकाकडे? झालं तर. घ्या खांद्यावर आणि चला माझ्यामागे!"

सभागृहात डॉक्टर प्रेक्षकांना वीस मिनिटं दात कसे घासावेत हे सांगत होता, कारण तेवढंच त्याला पाठ होतं. वन्सं दारात ताटकळल्या होत्या. गल्लीतून काकू येताना दिसल्या आणि त्यांच्यामागे खांद्यांवर ब्लँकेटं घेतलेली माणसांची रांगच रांग.

"वहिनी, अहो, हे कोण?"

"प्रेक्षक. प्रत्येकाकडे ब्लँकेट आहे. तुम्हीच लिहिलेला नियम आहे ना, मग मोजून आत सोडा."

वन्सं मोजत गेल्या. "...अडतीस, एकोणचाळीस..." हिरवी टोपी शेवटी आली, सावकाश, एखाद्या अध्यक्षीणबाईसारखी. "चाळीस," वन्सं म्हणाल्या. तो आकडा त्यांच्या तोंडून ऐकायला काकू तीन महिने थांबल्या होत्या. त्यांनी फक्त मान डोलावली. फार झालं तर दोनदा.

पुढच्या रांगेतले लोक उठून मागे गेले आणि चाळीसजण पुढे बसले. काकांनी दांडा दाबला, काचा पुन्हा थरथरल्या. टोपीवाली उठली, खांद्यावरचं ब्लँकेट काढून तिनं ड्रमच्या पोटात कोंबलं आणि काकूंकडे बघून म्हणाली, "उसनं आहे. कार्यक्रम संपला की परत."

"अगदी लगेच," काकू म्हणाल्या. उसनं घ्यायची सवय नसल्यानं शब्द जरा अडखळला. आपल्या अंगावरची शाल त्यांनी टोपीवालीच्या खांद्यांवर टाकली. तिनं लगेच कोपरा उचलून टाके तपासले.

आणि गाणी सुरू झाली. डॉक्टर पहिला शब्द विसरला तर पुढच्या रांगेतून दुसरा यायचा. दुसऱ्या गाण्याला त्याची भीती गेली. तिसऱ्याला सगळी गल्ली टाळ्या धरायला लागली. 'दार लोटलेलं ठेव, दिवा मालवू नको', चाळीस गळे आणि डॉक्टरचा एक, छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं. ती जागा आली. डॉक्टर पळाला, काका त्याच्या मागे, बेकरीवाला दोघांच्या मागे. काकूंनी तोंड उघडलं.

"थांबा! मागं वाघ लागलाय का?" चाळीसजण एका सुरात गरजले. "पुन्हा पहिल्यापासून!"

सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. वन्संनी तर डोळे पुसले. काकूंचं तोंड उघडंच होतं.

"अहो, पुढं म्हणा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पुढचं आम्हांला माहीत नाही," टोपीवाली म्हणाली. "या गाण्यात ह्याच्या पुढं हे कधी गेलेलेच नाहीत."

डॉक्टरला पुढचं आठवत नव्हतं; ते खिडकीच्या फटीत होतं. म्हणून सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी तिसऱ्या रांगेतलं तान्हं मूल सोडून सगळं सभागृह वाघाच्या जागेची वाट बघत होतं. गाणं शेवटपर्यंत गेलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

पुढच्या मंगळवारी तालमीच्या वेळी काकूंनी इस्त्रीच्या टेबलाशेजारी एक खुर्ची मांडली. हिरवी टोपी वेळेवर येऊन बसली. करड्या ब्लँकेटाला आता लाल दोऱ्याचे दोन टाके होते आणि ग्रीसचा वास गेला होता. ड्रमच्या पोटात काकांचा जुना कोट होता, खिसे तपासून घातलेला.

तिसरं गाणं सुरू झालं. डॉक्टर पळाला. काकूंनी इस्त्री उचलली, श्वास भरून घेतला.

"थांबा!" खुर्चीतून आवाज आला.

काकूंनी इस्त्री हळूच खाली ठेवली. समोरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.