साळिंदरबाईंनी अपील जिंकलं

एका जंगलात, बाळांनो, न्याय फार झटपट मिळायचा. इतका झटपट, की गुन्हा घडायची वाटसुद्धा बघावी लागत नसे. खिदळू नका. जंगल पुढारलेलं होतं.

त्या जंगलात पाणवठ्याच्या काठावर एक साळिंदरबाई राहायच्या. बिळात त्यांची तान्ही पिल्लं होती. एके दिवशी पाणवठ्याचं पाणी गढूळ झालं. तसं ते रोजच व्हायचं, कारण दुपारी रानडुक्कर त्यात लोळायचा. पण रानडुक्कर पडला पाणवठा समितीचा अध्यक्ष! तक्रारही त्यानेच केली. काठावर साळिंदराचा एक काटा सापडला, आणि बाईंना धरून नेलं.

"अहो, मी पाणी प्यायला गेले होते!" बाई म्हणाल्या.

"असेल हो," त्यांचा वकील मुंगूस म्हणाला. "पण नाकबूल म्हणालात, तर सुनावणी होईपर्यंत कोंडवाड्यात बसावं लागेल. आपल्याकडे रीतच आहे तशी. कबूल म्हणा आणि घरी जा. किरकोळ गुन्हा आहे."

"पण मी तो केलेलाच नाही!"

"म्हणून तर म्हणतो, किरकोळ आहे. आटपा, माझं जेवण व्हायचंय."

पिल्लं बिळात भुकेने रडत असतील, एवढंच बाईंच्या डोक्यात होतं. त्या न्यायाधीश गव्यासमोर उभ्या राहिल्या. गवा रवंथ करता करता निकाल द्यायचा.

"कुणी दमदाटी केली नाही ना? आपल्या मर्जीने कबूल करताय ना?" त्याने विचारलं.

मुंगसाने कोपराने ढोसलं. "हो," बाई म्हणाल्या. गव्याने समज देऊन सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रानडुक्कर बिळाच्या तोंडाशी हजर. "पाणी गढूळ करणाऱ्याला काठावर राहता येत नाही. बीळ रिकामं करा."

बाई धावत मुंगसाकडे गेल्या. "मेल्या, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मुंगूस म्हणाला. "घाबरू नका. अपील करू."

अपील हत्तीपुढे चाललं. हत्ती खरंच चांगला होता हो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग तुम्ही कबूल का म्हणालात?" त्याने विचारलं.

"पिल्लं उपाशी होती, महाराज. त्या वेळी खून केलास का विचारलं असतं, तरी हो म्हणाले असते."

सगळं न्यायालय हळहळलं. हरणांनी डोळे पुसले. हत्तीनेही सोंडेने डोळे टिपले.

"बाई निर्दोष आहेत," तो म्हणाला. "पाणी गढूळ केल्याची शिक्षा रद्द!"

माकडांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना रडूच कोसळलं.

"याचा अर्थ," हत्ती पुढे म्हणाला, "बाई गव्यासमोर धडधडीत खोटं बोलल्या. तेही आपल्या मर्जीने. न्यायालयाची फसवणूक हा काही किरकोळ गुन्हा नव्हे. बाईंनी पिल्लांसकट जंगल सोडावं."

बाई पिल्लांना पुढे घालून निघाल्या. वेशीपर्यंत मुंगूस पोचवायला आला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

"अभिनंदन, बाई!" तो म्हणाला. "जिंकलो आपण!"

तात्पर्य : न केलेला गुन्हा कधीही कबूल करू नये. आधी तो करून घ्यावा. मग कबूल करावा, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.