तिरपं स्टेज

कुंदाताई पुराणिक कुणाच्याही लग्नाला गेल्या की आधी स्टेज मोजतात. पर्समधून लोखंडी टेप काढतात, शेजारी जो कोणी पाहुणा उभा असेल त्याच्या हातात तिचं टोक देतात, "हे धरा जरा" म्हणतात आणि पलीकडे चालू लागतात. एकदा त्यांनी ते टोक चक्क नवरदेवाच्या हातात दिलं होतं. एका हातात हार आणि दुसऱ्या हातात टेप घेऊन तो बिचारा मुकाट उभा राहिला. त्यांच्या आवाजातच तसं काहीतरी आहे.

इंदूरच्या मल्हारगंजात एका भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे. बावीस वर्षं झाली. कुंदाताई पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होत्या. आयुष्यभर पाण्याच्या पंपांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर पंप संपले, तेव्हा त्यांनी लग्नं काढायला घेतली. इंदूरमधल्या झाडून सगळ्या मॅरिज गार्डनचे नकाशे त्यांच्याकडे आलेख कागदावर आहेत. मुहूर्ताला ऊन कुठे येतं, जनरेटरचा धूर कोणाच्या ताटावर जातो, नवरीच्या खोलीपासून स्टेजपर्यंत किती पावलं, सगळं. त्यातही नऊवारीतली पावलं वेगळी आणि लेहंग्यातली वेगळी.

साखरपुडा झालेली मुलंमुली जोडीने त्यांच्याकडे येतात आणि मोबाईलमधले फोटो दाखवतात. तळ्याकाठचा मंडप, हवेत लटकणारी फुलं, धुरातून चालत येणारी नवरी. कुंदाताई चष्मा वर सरकवून बघतात.

"छान आहे बेटा. पण फोटोत हवा नाही येत. ही फुलं जी लटकून राहिलीत ना, ती तुझ्या सासऱ्याच्या पगडीत अडकणार. कागदावर आणा, मग बोलू."

"कागदावर आणा" हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. थीम कुठली, रंग कुठला, हे त्यांच्या लेखी शेवटचं. पहिला प्रश्न, "तुमच्या दोघांत भूक आधी कोणाला लागते?" दुसरा, "भूक लागल्यावर ते माणूस कसं वागतं?" एका जोडीचं म्हणे इथेच वाजलं आणि लग्न चार महिने पुढे गेलं. कुंदाताईंना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, "बरं झालं. अपन आधीच विचारलं."

तिसरा प्रश्न, "तुमच्याकडे रुसणारं कोण आहे?" त्यांच्या प्रत्येक नकाशात एक छोटा त्रिकोण असतो. ती रुसणाऱ्या नातेवाइकाची खुर्ची. पंख्याखाली, कॉफीजवळ आणि मुख्य म्हणजे लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. "कोपऱ्यात नाही ठेवायची. रुसलेल्या माणसाला कोणी बघितलंच नाही, तर तो आणखी रुसतो." माझ्या पुतण्याच्या लग्नात ह्याच त्रिकोणात आमच्या थोरल्या नणंदबाई अडीच तास सुखाने रुसून बसल्या होत्या. एवढं मान्य करायला हवं.

चौथा प्रश्न त्या फक्त मुलीला विचारतात. मुलाला पाणी आणायच्या निमित्ताने आत पाठवतात आणि हळूच विचारतात. तो काय, हे मला कधी कळलं नव्हतं. कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती, कारण तोवर माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं नव्हतं.

मी भंवरकुआंजवळ मुलींचं वसतिगृह सांभाळते. एकशेवीस मुली, प्रत्येकीच्या कोचिंगची वेळ वेगळी, मेस एक आणि गीझर दोन. व्यवस्था म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या रेवाचं निखिलशी ठरलं, त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरवर तक्ता तयार केला. नऊ पानं. पाहुण्यांच्या खोल्या, हळद, मेंदी, सकाळच्या पोह्यांवर भुरभुरायचं जीरावण कोणाच्या जबाबदारीत, इथपर्यंत. छापून, टाचून तिच्यासमोर ठेवला.

तिने पानं उलटली. "आई, एकदम सॉलिड आहे गं." मग म्हणाली, "एकदा कुंदाकाकूंना दाखवून येते."

ती जी गेली, ती तीन महिने परत आली नाही. झोपायला आणि जेवायला घरी असायची, पण ऑफिसातून आली की आमच्या दारात चपला काढायची आणि समोरच्या दारात शिरायची. आतून दोघींच्या हसण्याचे आवाज. मी इकडे गिलकी चिरत उभी. एकदा चिरता चिरता एवढी बारीक झाली की आमचे हे म्हणाले, "ही चटणी आहे का?"

टेपचं टोक धरायला कुंदाताईंना आता हक्काचं माणूस मिळालं होतं. रविवारी दोघी स्कूटरवरून गार्डनं मोजत फिरायच्या. शालू मोरपंखी घ्यायचा, हे मला कळलं तेव्हा निखिलच्या आईलासुद्धा कळून गेलं होतं. आणि माझ्या तक्त्याचं काय झालं? तो मला कुंदाताईंच्या टेबलावर दिसला. नवव्या पानाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मंडप काढला होता. आलेख कागद संपला होता म्हणे.

मी कोणाशी भांडत नाही. त्या होळीला कुंदाताईंना दरवर्षीच्या चार पुरणपोळ्यांऐवजी दोन पाठवल्या, एवढंच.

आणि आणखी एक केलं. एका शनिवारी लवकर निघून, नवी टेप विकत घेऊन, मी एकटी रेवाच्या लग्नासाठी ठरलेल्या गार्डनवर गेले. टोक माळ्याच्या हातात दिलं. रेवाच्या मोबाईलमधून तिच्या नकळत नकाशाचा फोटो मी घेऊन ठेवलेला होता. बारा ठिकाणी मोजलं. एकेक आकडा बरोबर निघत गेला तसा माझा संताप वाढत गेला. माळी म्हणाला, "मैडम, कुछ गड़बड़ है क्या?" मी म्हटलं, "नहीं है, यही तो गड़बड़ है."

निघता निघता मात्र गडबड सापडली. स्टेज! नकाशात स्टेज भिंतीला समांतर नव्हतं, तिरपं होतं. चांगलं हातभर तिरपं. त्याच्यापासून एक तुटक रेघ निघून पार कोपऱ्यातल्या कडुनिंबापर्यंत गेली होती आणि तिथे एक बारीक गोल होता. गोलाचं नावगाव काही नाही. इतकी वर्षं पंप काढलेल्या बाईंचा हात अखेर हलला, असं मला वाटलं. घरी येऊन मी श्रीखंड केलं.

दुसऱ्याच दिवशी टेंटवाल्यांना घरी बोलावलं, कुंदाताईंनाही बोलावलं आणि रेवासमोर विषय काढला.

टेंटवाले माझ्याच बाजूने होते. "भाभीजी, स्टेज टेढ़ा लगेगा तो पब्लिक बोलेगी, टेंटवाला पी के आया था." मी त्यांना दुसरा चहा दिला.

"भिया, पब्लिक लग्न बघायला येते का भिंत बघायला?" कुंदाताई म्हणाल्या. "स्टेज तिरपंच लागेल."

"का पण?" मी.

"नकाशात तसं आहे."

"नकाशा तुम्हीच काढलाय, कुंदाताई!"

"हओ. म्हणूनच तर सांगून राहिले."

मी रेवाकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. "आई, राहू दे ना तिरपं. मला आवडतंय."

तिरपं स्टेज जगात कोणाला आवडतं? माझ्या मुलीच्या लग्नात माझ्याकडे उरलं होतं काय, तर जीरावण. मग मी बोलले. "कुंदाताई, मुलगी माझी आहे. तुमची हौस तुम्ही मीनलच्या लग्नात भागवून घ्यायची होती."

मीनल ही त्यांची एकुलती एक. लग्न होऊन कॅनडाला गेली, त्याला अकरा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. कुंदाताई स्पीकर लावतात, त्यामुळे तो आम्हालाही येतो. "जेवलीस का", "थंडी आहे का", "बरं ठेवते".

कुंदाताईंनी टेपचं बटण दाबलं. टेप सर्रकन आत गेली.

"हओ," त्या म्हणाल्या. "नाही भागली."

आणि उठून गेल्या. त्यांचं दार एरवी आपटतं. त्या दिवशी ते आवाज न करता लागलं. रेवा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. माफी मागायचं मी मनात ठरवलं होतं. गडबडीत राहून गेलं. खरं सांगायचं तर, राहू दिलं. स्टेज मात्र तिरपंच लागलं.

लग्नाच्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. पोहे गरम होते, धूर कोणाच्या ताटावर गेला नाही, थोरल्या नणंदबाई सकाळी नऊलाच त्रिकोणात जाऊन बसल्या. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली तेव्हा त्याच तिथून उठून आल्या आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "चल वसुधा. वेळ झाली. तू तुळशीपाशी."

आमच्यात मुलीवर अक्षता पडताना तिची आई मांडवात थांबत नाही. बाजूला जाऊन तुळशीला पाणी घालते. माझ्या नऊ पानांत ही ओळ नव्हती. मी ती विसरले नव्हते. मला ती लिहायची नव्हती. मुलीला सव्वीस वर्षं वाढवायचं आणि ऐन वेळी आपण झाडाला पाणी घालायचं! ही व्यवस्था ज्याने कोणी केली असेल, त्याला माझ्या वसतिगृहात मी एक दिवस कामावर ठेवलं नसतं. पण नणंदबाईंशी वाद घालायची ती वेळ नव्हती. मी तांब्या घेऊन निघाले.

तुळस कडुनिंबाखाली होती. स्टुलावर कुंडी, कुंडीभोवती रांगोळी. शेजारी उशी ठेवलेली खुर्ची आणि बशीने झाकलेला पाण्याचा पेला. मी कुंडीपाशी उभी राहिले आणि मान वर केली.

समोर रेवा होती.

मध्ये काही नव्हतं. खांब नव्हता, फुलांची कमान नव्हती, कॅमेऱ्याचं ते उंटासारखं यंत्र नव्हतं. सगळं गार्डन गच्च भरलेलं आणि त्यातून एक सरळ मोकळी वाट. स्टेज ह्या कोपऱ्याकडे वळलेलं होतं. अंतरपाटाच्या कडेवरून मला माझ्या मुलीचा अख्खा चेहरा दिसत होता. नथ टोचत असल्यामुळे ती वरचा ओठ हलवत होती, तेसुद्धा.

माझ्यापासून दहा पावलांवर कुंदाताई उभ्या होत्या. चांगली महेश्वरी नेसलेल्या, स्टेजकडे पाठ आणि दोन्ही हात पसरलेले. त्या लोकांना अडवत होत्या.

"भिया, इथून नाही, तिकडून. अहो काका, बसून घ्या."

"आंटीजी, दो मिनट, बस एक शॉट," फोटोवाला म्हणाला.

"दोन मिनिटांत तर लग्न लागून राहिलंय! सरका."

मी हळूच म्हटलं, "कुंदाताई, आईने बघायचं नसतं ना?"

"मांडवात थांबायचं नाही, एवढंच आहे. बघू नको, असं कोणी म्हटलंय? मी गुरुजींना विचारून घेतलंय." मंगलाष्टकं सुरू झाली, तरी त्या स्टेजकडे पाठ करूनच उभ्या राहिल्या.

मी रडले नाही. तांब्यातलं बरंचसं पाणी तुळशीऐवजी माझ्या पायांवर गेलं, एवढंच. अक्षता पडल्या, बँड वाजला, अंतरपाट खाली आला. मी खुर्चीवर बसले. मग कुंदाताईंनी हात खाली घेतले आणि माझ्याजवळ आल्या.

"चौथा प्रश्न काय असतो?" मी विचारलं.

"हाच. 'अक्षता पडताना तुझी आई कुठे असेल?' पुष्कळ मुलींना ठाऊकच नसतं. रेवा लगेच म्हणाली, 'काकू, आईने नऊ पानं लिहिली आणि हेवढंच नाही लिहिलं. म्हणजे हेच तिच्या मनाला लागतंय.'" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मीनलच्या वेळी तुळस स्वयंपाकाच्या मागे ठेवली होती. समोर पाण्याची टाकी. मंगलाष्टकं सगळी ऐकू आली. तेवढा वेळ मी टाकी वाचत होते. एक हजार लिटर, झाकण नीट लावा. मग आठव्या दिवशी ती गेली विमानात."

माझ्या माफीची वेळ हीच होती. तोंडून निघालं ते वेगळंच. "मग आज तरी बघायचं! पाठ करून काय उभ्या राहिलात?"

"मग लोकांना कोण अडवणार? आणि मी बघितलंय की. कागदावर."

खुर्ची एकच होती. मी उठले नाही, पण सरकले. त्या अर्ध्या खुर्चीवर टेकल्या. आम्ही दोघी काही बारीक नाही, त्यामुळे खुर्ची जरा कुरकुरली.

तिकडे हार घातले गेले. रेवाने मान वळवली, गर्दीवरून थेट कडुनिंबाकडे बघितलं आणि हसली. कोणाकडे बघून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.