तलावाच्या पाण्याचा संमत रंग

पाण्याला स्वतःचा रंग नसतो. तो सक्षम समितीने द्यावा लागतो. बेंगळूरच्या आमच्या जलतरण संघाने १९६१ साली हे तत्त्व स्वीकारले आणि तलावाचा कारभार शास्त्रशुद्ध पायावर उभा राहिला.

कार्यपद्धती साधी होती. रोज सकाळी तलावाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकीत. केशरी झाले तर पी-एच समतोल. गुलाबी झाले तर क्षार जास्त. पिवळे झाले तर आम्ल जास्त, म्हणजे पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरणार आणि पाण्यात सोडा घालावा लागणार. (सोडा कोठीत होता. कोठी ठरावाशिवाय उघडत नसे.)

मतभेद नकोत म्हणून रंगाचा निर्णय जयसिंगरावांवर सोपविला होता. चिक्कपेठेत त्यांचे रेशमी साड्यांचे दुकान. ते नळी उन्हात धरीत, मान किंचित तिरकी करीत, आणि नळीतले पाणी क्षणभर मावळतीच्या आभाळाचा तुकडा वाटे. मग ते म्हणत, "केशरी." समोरच्याला हवा तो रंग त्यांना हातातल्या वस्तूत नेहमी सापडे; दुकान त्यावरच चालले होते. त्या वर्षी शेकडा शंभर दिवस पाणी केशरी निघाले. लाल डोळ्यांची नोंद ठेवण्याची तरतूद नव्हती.

संघाचे कारकून हणमंतराव यांची मुलगी तुंगा रविवारी याच तलावात राज्य संघाच्या निवड-शर्यतीत उतरणार होती. त्यासाठी तिने वर्षभर पहाटेची झोप सोडली होती. शुक्रवारी ती जयसिंगरावांच्या नळीपाशी आली.

"अण्णा, हे पिवळं आहे. रविवारच्या आत स्वल्प सोडा घाला की."

"सावलीतून बघतीस म्हणून, पोरी. उजेडात ये."

ती उजेडात आली. "आताही पिवळंच."

"डोळे एवढे लाल करून घेतल्यावर केशरी कसं दिसणार गं?"

हा युक्तिवाद समितीने एकमताने उचलून धरला. लाल डोळ्यांची साक्ष अग्राह्य ठरली. (डोळे लाल कशाने झाले, हा विषय पत्रिकेवर नव्हता.)

रविवारी निम्म्या अंतरापर्यंत तुंगा सर्वांच्या पुढे होती. मग तिला डोळे उघडे ठेववेनात. ती हळूहळू शेजारणीच्या पट्ट्यात सरकली आणि बाद झाली. पाण्यावर गुलमोहराच्या पाकळ्या तरंगत होत्या. त्या मात्र शिस्तीत आपापल्या पट्ट्यात राहिल्या.

समिती निष्ठुर नव्हती. वार्षिक सभेत तुंगाला उत्तेजनार्थ साडी देण्यात आली, अर्थात जयसिंगरावांच्या दुकानातली. अध्यक्ष गुंडूरावांनी ती शौर्याच्या केशरी रंगाची असल्याचे जाहीर केले. तुंगाने घडी उलगडली आणि बराच वेळ पाहिली.

"ही पिवळी आहे," ती म्हणाली.

सभागृह हळहळले. एवढ्या लहान वयात दृष्टी अशी अधू व्हावी. तिच्या नेत्रतपासणीसाठी निधी उभारण्याचा ठराव तत्काळ मांडला गेला आणि एकमताने संमत झाला.

आपणही तेथे होता, वाचकहो; तिसऱ्या रांगेत. डोळे चोळणे क्षणभर थांबवून आपण हात वर केलात.