बावीस-अडीचशे की दोनशे चार?

"बाबांनी विचारलं तर बावीस-अडीचशे म्हण. आईने विचारलं तर दोनशे चार. आणि दोघं एकत्र असताना रायफलीचं नावसुद्धा काढू नकोस!" जोलीनने रँचच्या फाटकातच एलियटला बजावलं.

एलियट बिचारा ओमाहाच्या शाळेत गाणं शिकवणारा मास्तर. आयुष्यात त्याने डास सोडून काही मारलं नव्हतं, तोही दुसऱ्या फटक्याला. पण आज तो जोलीनचा हात मागायला आला होता, आणि साउथ डकोटाच्या त्या माळावर पत्रिका बघत नाहीत, बंदुकीचं कॅलिबर बघतात. प्रेअरी डॉग नावाच्या खारीसारख्या प्राण्यांनी बिळं पाडून कुरणाची पार चाळण केली होती. बिळात पाय जाऊन घोडे लंगडे व्हायचे. ते चिमुकले प्राणी तीनशे-चारशे यार्डांवरून टिपायचे कुठल्या गोळीने, बाबांच्या जड बावीस-अडीचशेने की आईच्या हलक्या दोनशे चारने, यावर जोलीनच्या आईबाबांचं लग्नापासून वाजत होतं.

"काय रे पोरा, लांबचा प्रेअरी डॉग कशाने टिपशील?" जोलीनच्या बाबांनी, म्हणजे ऑर्विलने, गोठ्यापाशीच गाठलं.

"बावीस-अडीचशे."

"शाब्बास! वाऱ्याला भीक घालत नाही ती गोळी!" ऑर्विलने पाठीत अशी थाप मारली की एलियट गवताच्या गंजीवरच गेला.

स्वयंपाकघरात जोलीनची आई नॅडीन बटाटे कुस्करत होती. तिनेही तेच विचारलं, आणि याने दोनशे चार सांगून टाकलं.

"गुणाचं गं लेकरू! धक्का बसत नाही, म्हणून गोळी लागली की नाही ते दुर्बिणीतून आपल्याच डोळ्यांनी दिसतं. ऑर्विलचं ते धूड खांदा हलवतं, आणि मग हा नुसता ओरडतो, लागली लागली!"

सगळं सुरळीत चाललं होतं. पण जेवताना ऑर्विलला राहवेना. "नॅडीन, आता आम्ही दोघं झालो हं!"

"कोण दोघं? तो माझ्या बाजूचा आहे!"

दोघांनी एलियटकडे बघितलं. त्याने घाईघाईने आणखी बटाटे वाढून घेतले.

"म्हणजे कुणाला तरी थाप मारलीस," ऑर्विल म्हणाला. "थापाड्याला मुलगी नाही देत आपण. ऊठ! दोन्ही चालव आणि आमच्या तोंडावर सांग, कुठली चांगली."

जोलीनचा चेहरा उतरला. लग्न गेलं, असं तिने मनाशी धरूनच टाकलं.

कुरणात ट्रकच्या बॉनेटवर वाळूची पिशवी ठेवून एलियटला टेकवलं. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवले. तेवढ्यात दोघं एकदम शिकवायला लागली.

"गाल टेकव!"

"आधी श्वास सोड!"

"वारा बघ, वारा!"

वडीलधाऱ्यांचं नीट ऐकावं म्हणून एलियटने मफ काढले, आणि घाबरून चाप ओढला. मग दुसरी रायफल हातात आली, तिचाही ओढला. दोनदा धुरळा उडाला. लांबचा एक प्रेअरी डॉग बिळावर उभा राहून बघतच राहिला.

"हं, बोल आता! कुठली?"

"काय?"

"अरे, कुठली चांगली?"

"मला काहीच ऐकू येत नाहीये!" एलियट एवढ्याने ओरडला की गाईंनी माना वळवल्या.

"पोराचे कान घालवलेस, नॅडीन!"

"मी? तुझ्या त्या तोफेने गेले!"

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये दोघं कडाकडा भांडत होती आणि मध्ये बसलेला एलियट प्रसन्न हसत होता. शेवटी नॅडीनच थबकली. "अगं बाई! आपण एवढं भांडतोय, आणि बघ ना, याच्या कपाळावर आठी नाही."

ऑर्विलने त्याला नीट न्याहाळलं. "खरंच की. याला ऐकूच येत नाही, आपल्या घरात टिकणार हा. देऊन टाकू."

थापेचं कुणाच्या डोक्यातही राहिलं नाही. जोलीन बाबांच्या गळ्यातच पडली. रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री खाताना एलियटला एवढं हायसं वाटत होतं की त्याने तीन तुकडे संपवले.

भांडी घासताना तो तिच्या कानाशी लागला. "अगं, माझे कान ट्रकमध्येच उघडले होते. सांगू का आता त्यांना?"

जोलीनने साबणाच्या हाताने त्याचं तोंड दाबलं. "खबरदार! चांगली दोन पोरं होईपर्यंत उघडायचे नाहीत."