सायकलीची खांदमळणी

धारूरचा घाट सायकलीवरून, पाय जमिनीला न लावता चढून जाणारा पहिला माणूस मीच! म्हणजे, ठरलं तरी तसंच होतं.

मुळात घाटाखालच्या आमच्या सगळ्या मुलखात सायकल होती एकच, आणि ती माझी. हैदराबादेहून आगगाडीनं परभणीला आली आणि तिथून बैलगाडीत बसून आमच्या गावी. बघायला ही गर्दी! म्हातारी माणसं विचारायची, "शिवशरण, ही खाती काय?" मी ऐटीत सांगायचो, "काहीच खात नाही." त्यावर ती माझ्याकडं अशी बघायची की मी मुकं जनावर उपाशी मारतोय.

आता घाट चढायचं खूळ डोक्यात का शिरलं ते सांगतो. माझी बायको शिवकांता नागपंचमीला माहेरी धारूरला गेली होती. तिचे वडील नागप्पा म्हणजे पेठेतले वजनदार दुकानदार. माझ्याबद्दल त्यांचं मत एकच, जावयाच्या खांद्याला भार कसला तो माहीत नाही. मी शिवकांताला आणायला बैलगाडीतून गेलो आणि घाटात मस्त गार वारा सुटल्यामुळं मला झोप लागली. गाडी दारात थांबली तरी मी घोरतोय! शेवटी सासऱ्यांनीच मला हलवून उठवलं. झोपेतून उठलेल्या जावयाला ते जे बोलले ते ऐकून मला राग आला आणि मी बोलून गेलो,

"मामा, पुढच्या खेपेला सायकलीवर घाट चढून येतो. पाय जमिनीला लागणार न्हाई!"

"आलात तर अवस सरल्याबरूबर लेक पाठवतो," नागप्पा म्हणाले. "न्हाई आलात तर दिवाळी झाल्यावर बोलू!"

दाराआड बांगड्या वाजल्या. शिवकांतानं डोकावून माझ्याकडं बघितलं. कशाला बोललात, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. पण मी आणखी पुढं गेलो. दिवसही मीच ठरवला, त्याच अवसेचा, पोळ्याचा! त्या दिवशी सगळं धारूर बैलं घेऊन वेशीत जमतं, मग एवढे प्रेक्षक फुकट का घालवायचे?

एकटाच परत आलो आणि घर खायला उठलं. खरं सांगतो, मला तिच्यावाचून करमत नव्हतं. दिवाळीपर्यंत असं राहायचं म्हणजे कठीणच होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सायकलीत हवा भरली, साखळीला तेल दिलं आणि ओसरी गळत होती म्हणून सायकल गोठ्यात नेऊन उभी केली. इथंच सगळं चुकलं. त्या सांजेला आमच्याकडं खांदमळणी असते. ज्या खांद्यांवर वर्षभर जू घासतं ते हळद-लोण्यानं चोळायचे आणि बैलाला सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' एकदा आवतन दिलं की बैल दुसऱ्या दिवशी पाहुणा! मग त्याला जुंपायचं नाही, त्याच्याकडून काडीचं काम घ्यायचं नाही.

सकाळी गोठ्यात जाऊन बघतो तर काय! सायकल नखशिखांत पिवळी! हँडलला लोणी, सीटला लोणी, दोन्ही चाकांच्या कडांना लोणी. वर हँडलला घुंगरांची माळ!

"माय, हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे?" आई शांतपणे म्हणाली. "दोघायला आवतन दिलं, तिसरीला कसं सोडू? शिंगं हायती, पाठ हाय. खांदा काय घावंना, मग समदीकडंच चोळलं."

"अगं, ती बैल न्हाई!"

"मग गोठ्यात कावून बांधली?"

"आता आवतन दिलंय," आई पुढं म्हणाली. "आज तिच्यावर बसायचं न्हाई. पाप लागंल."

आई पुरण वाटायला बसली तेव्हा मी मागच्या दारानं निसटलो. माळ सोडायला वेळ नव्हता, त्यामुळं सगळ्या गावाला ऐकू जाईल असा छुमछुम निसटलो.

पहिला चढ लागला. रस्ता सगळा मुरमाचा, त्यात पावसानं उघडे पडलेले दगड. अशा चढावर सायकलवाला आणि पायी चालणारा यांत फारसा फरक उरत नाही. तसा तो उरला नाही आणि मागून हाक आली.

"मालक, उतरा! उतरा म्हन्तो!"

आमचा सालगडी शहादेव! डोक्यावर टोपली घेऊन पळत आला होता.

"मायनं सांगितलंय, आवतनाच्या जनावरावर बसायचं न्हाई. आन् ह्या पुरनाच्या पोळ्या तिला चारायच्यात."

"सायकल पोळी खाती काय बे?"

"ते मला काय ठावं? मी निस्तं चारायला आलोय."

मी त्याच्याकडं दुर्लक्ष करून चढ संपवला. पुढं ओढ्यापर्यंत उतार होता आणि ओढ्यापाशी जंगलाचा नाका. उतारावर सायकल जी सुटली! मी ब्रेक करकचून दाबला. पण लोण्यावर ब्रेक कसला धरतो! चाक आणखीच खुशीत फिरायला लागलं. मी ओरडतोय, घुंगरं वाजतायत, शहादेव मागून "हो, हो, हो" करून सायकलीला थांबायला सांगतोय! नाक्याचा आडवा बांबू आला, आणि मी त्याच्यावर ओल्या धोतरासारखा लोंबकळलो.

नाकेदार खानसाहेब खाटेवरून उठले.

"ठैरो! पिछले हफ्ते की बरसात से इस रस्ते पे गाडी बंद है. जनावर जाते, चाकवाली चीज नै जाती." मग त्यांनी सायकल सगळीकडून निरखली. "ये गाडी है की जनावर?"

इथं मी अक्कल चालवली.

"जनावर है, खानसाहेब! बघा की! हळद हाय, घुंगरं हायत, शिंगं हायत."

"खांदमळणी झालीया, हुजूर," शहादेव उत्साहानं म्हणाला. "ह्या तिच्याच पोळ्या."

खानसाहेबांनी एक पोळी खाऊन खात्री करून घेतली आणि बांबू वर केला. मी विजयी मुद्रेनं सीटवर टांग टाकली.

"अरे मियाँ, उतरो!" खानसाहेब गरजले. "पोळे के दिन जनावर पे बैठते क्या? मैं मुसलमान होके मेरे कू मालूम, तुम कू नै मालूम?"

ती गाडी म्हटली तर घरी परत आणि जनावर म्हटली तर पायी! मी खाली उतरलो. पाय जमिनीला लागले. दिवाळी डोळ्यांसमोर उभी राहिली.

तरी चालत राहिलो, कारण वर शिवकांता होती. खानसाहेब नजरेआड झाले की परत बसू, असा माझा बेत होता. पण पुढच्या वळणावर खरा घाट सुरू झाला. दोन्ही अंगांना सीताफळीचं रान, मध्ये लाल चिखल. त्या चिखलाला चाकांवरचं लोणी फारच आवडलं. दोघांचा मिळून असा गिलावा झाला की चाकं फिरायची बंद झाली. ओढली तरी नाही, ढकलली तरी नाही!

"थकलीया ती," शहादेव कळवळून म्हणाला. "सकाळधरनं उपाशी हाय."

"शहादेव, जरा हात लाव."

"कसा लावू, मालक? डोक्यावर निवद हाय!"

शेवटी मी सायकल खांद्यावर घेतली. लोखंड किती जड असतं ते लोखंडावर बसून कळत नाही. हा खांदा दुखला की तो, तो दुखला की हा. पाय घसरायचे, दम लागायचा, घाम डोळ्यांत जायचा. हँडलवरची घुंगरांची माळ कधी सुटून माझ्या गळ्यात आली ते कळलंही नाही. कळलं असतं तरी काढायला हात मोकळा नव्हता!

वेशीत पोचलो तेव्हा हलग्या वाजत होत्या. तोरणाखाली सजवलेल्या बैलांची रांग लागली होती. सगळं धारूर तिथं हजर होतं. दुसरीकडं जागा नव्हती म्हणून मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. दोन्ही खांदे हळद-लोण्यानं पिवळेजर्द, गळ्यात घुंगरं, मानेवर सायकल. हलग्या थांबल्या. शेजारच्या बैलानं मला हुंगलं आणि जरा सरकून जागा दिली.

नागप्पा पुढं आले. बाजारात जनावर पारखतात तसे माझ्याभोवती फिरले आणि खांदा दाबून बघितला.

"जावईबापू, पाय जमिनीला लागले?"

"लागले, मामा."

"आन् ही?"

"नाक्याफुडच्या वळणापास्नं खांद्यावर."

"कुनी हात दिला?"

"कुनीबी न्हाई!" शहादेव अभिमानानं म्हणाला. "मी सोबतच हुतो की!"

"मग हरलात तुमी," नागप्पा म्हणाले. मग त्यांनी दुसरा खांदाही दाबून बघितला. "पर ह्या खांद्यावर जू टिकंल, असं आज पयल्यांदा वाटलं. अवस सरली की लेकीला घेऊन जा."

रांग फुटली आणि बैलांमागून मीही सासऱ्यांच्या घरी गेलो. दारात शिवकांता ताट घेऊन उभी होती. तिनं बैलांना ओवाळलं, मग मला ओवाळलं. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इतका आनंद झाला होता की तिनं पोळी तोंडापुढं धरली तेव्हा ती बैलाची आहे की माझी, हेही मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या गाडीतून आम्ही मोठ्या वळणाच्या रस्त्यानं घरी आलो. सायकल झोपून आली, मी जागा होतो. पुढं तिला गंज चढला.

शिवकांता मात्र काही विसरली नाही. दर वर्षी खांदमळणीच्या सांजेला गोठ्यातलं आटपलं की ती उरलेल्या लोण्याची वाटी घेऊन माझ्यामागं येऊन उभी राहते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!"

मी गुमान सदरा काढून खांदा पुढं करतो. करणार काय! दुसऱ्या दिवशी मला घरात कुणी काम सांगत नाही.