झेंडूच्या हाराचा भार

"जयमाला, सुट्टी असली तरी याला रोज तोंड दाखवत जा. एकट्याला सोडू नको."

निवृत्त होताना भिमाजीकाकांनी यंत्रावर हात ठेवून घेतलेलं हे वचन जयमाला पोथीच्या नेमासारखं पाळत होती. निघोज्याच्या त्या प्रयोगशाळेत वीजकेंद्रासाठीच्या मिश्रधातूची कांडी भट्टीत तापत असे आणि वर लांब दांडीच्या टोकाला वजन टांगलेलं. त्या ताणाखाली कांडी कशी कणाकणाने लांबते, ते दोन वर्षं बघायचं. तशीच कांडी हैदराबादच्या भागीदार प्रयोगशाळेत. तिथले शेखर रोज सकाळी फोन करून आकडा विचारत. पिंपळे गुरवच्या घरात तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. दिवसाकाठी तेवढाच आवाज. आणि चाचणी तर दिवाळीला संपणार होती.

खंडेनवमीला तिने यंत्राला हळदकुंकू वाहिलं, दांडीच्या टोकाला घसघशीत झेंडूचा हार घातला. तो तिथेच सुकू द्यायचा, ही तिच्या घरची रीत. त्या खोलीत तिच्याशिवाय फिरकतंय कोण?

दसरा उलटला आणि शेखर फोनवर ओरडलेच. "मॅडम, कांडी एकदम जास्त लांबायला लागली! आमच्याकडे पण!"

आठवड्याने आणखी नवल. "वेग परत उतरतोय हो! धातू स्वतःच सावरतोय. शोध लागला, शोध!"

साहेबांनी मीटिंग लावली, पेढे मागवले. जयमाला मात्र सुकल्या हाराकडे बघत राहिली. टोकाचा भार कांडीवर दहापट पडतो. हार वाळला, तसा भार उतरला! खरं सांगितलं तर शेखर पुन्हा कशाला बोलतील? पण पूजेच्या फुलांवर खोटं कसं उभं करायचं?

"सर, दांडीला हार मी घातला होता," ती मीटिंगमध्ये हळूच म्हणाली.

साहेबांचा पेढा हातातच राहिला. "अहो, भिंतीला खिळा नव्हता का?"

"पूजा यंत्राची होती, सर."

पडद्यावरचे शेखर खाकरले. "आमच्याकडे पण आयुधपूजा झाली. हार मीच घातला. मॅडमचा आकडा जुळला, मग म्हटलं शोधच!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "नव्या कांड्या लावा! पुन्हा दोन वर्षं! आणि यापुढे पूजा उंबऱ्यावरून!"

"म्हणजे रोज फोन करावा लागणार," शेखर पुटपुटले.

हसू दिसू नये म्हणून जयमालाने मान खाली घातली.

दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या कंपन्या बंद होत्या. तिने देवापाशी दिवा लावला, उंबऱ्यापुरतं एकच फूल पर्समध्ये ठेवलं आणि निघोज्याच्या दिशेने स्कूटर काढली.