बोरस्ते अण्णा बसत नाहीत

अठ्ठ्याण्णव साली आम्ही इंदिरानगरात राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझा अपमान झाला. खालच्या मजल्यावरचे बोरस्ते अण्णा चहाला आले, कप रिकामा केला, दोन विनोद सांगितले आणि गेले. सगळं उभ्यानं! "अहो, जरा टेकायचं तरी," म्हटलं, तर म्हणाले, "पिंपळगावला कांद्याच्या लिलावात उभा जन्म गेला आपला. बसायची सवयच नाय, वहिनी."

सत्यनारायणाचा प्रसाद उभ्यानं, टीव्हीवरची मॅच उभ्यानं. कुणाच्या मयताला गेले तरी लोक सतरंजीवर आणि अण्णा चौकटीला टेकून. उजवा हात सदैव पँटच्या खिशात. आमचे हे म्हणायचे, "तोरा बघ माणसाचा!" मी म्हणायचे, "तोरा कसला, खूळ आहे ते." माझी भाजीची पिशवी दिसली की मात्र अण्णा जिन्यातून ओरडायचे, "केवढ्याला? फसवलं हो तुम्हाला!"

पुढे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, मेघाचं लग्न ठरलं. ती पुण्याला नोकरीला, आई कधीच गेलेली. म्हणून रुखवताचे लाडू मी अंगावर घेतले आणि पातेलं मागायला खाली गेले. दार लोटलेलं. आत बघते तर काय, अण्णा चक्क जमिनीवर, भिंतीला पाठ लावून!

"अगंबाई! अण्णा, बसलात!" मला हसूच आवरेना.

"बसलो नाय, सकाळी पडलो. आता उठता येईना."

हसू तोंडातच राहिलं. खिशाबाहेरचा हात लटलट कापत होता. मी काखेत हात घालून ओढलं, त्यांनी जोर लावला, पण मांड्या नुसत्या थरथरल्या. एवढा उंचापुरा गडी आणि पायांत जीवच नाही! पलंगाला धरून, रेटून कसंबसं उभं केलं. पलंगाखाली उंचीसाठी विटा लावल्या होत्या.

"कंपवात हाय," ते म्हणाले. "डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. हात खिशात लपतो हो, पण मांड्यांतला जोरच गेला. खुर्चीत बसलो तरी उठवायला कुणीतरी लागतं."

"मेघाला माहीत नाही?"

"नाय. तुम्हीबी सांगायचं नाय. कळलं तर लग्न मोडून इथं येऊन राहील. लय हट्टी हाय."

मला रागच आला. "अहो, पोटची लेक आहे ती! परकी का?"

"म्हणून तर," अण्णा म्हणाले.

लग्न गावातल्याच द्वारका चौकाजवळच्या कार्यालयात झालं. कन्यादानाला पाटावर अण्णांचा धाकटा भाऊ आणि भावजय बसले. अण्णा विधुर, तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. पाठवणीला मेघा गळ्यात पडून रडली. अण्णा खांबाला पाठ लावून ताठ उभे. "जा पोरी. मी मजेत हाय." मी पदराचा बोळा तोंडात कोंबून गप्प.

गाडी निघाली.

"वळली का हो?" अण्णांनी विचारलं.

"वळली."

तसे ते खांबावरून घसरत पायरीवर आले, उरलेल्या सगळ्या पाहुण्यांदेखत. लोक धावले, कुणी पाणी, कुणी खुर्ची. मी हात धरून उचलायला गेले.

"घाई नका करू, वहिनी," डोळे पुसत ते म्हणाले. "आता कितीबी वेळ लागू द्या."